लहान कारखाना आणि आरेखनाचें साधन

लोखंडाचा साधा कोनी तुकडा घडवावयाचा असला तरी तो आधीं कोणाच्या तरी डोक्यांत आणि मग कागदावर घडावा लागतो. कागदावरचें हें घडविणें म्हणजेच आरेखन. लेथवर उभा असलेला कारागीर, साचा कोरणारा, जोडकाम करणारा आणि माल नेणारें गिऱ्हाईक हे सारे एकमेकांशीं बोलतात ते या कागदाच्या भाषेंत. भोंक कोठें पाडावयाचें, तें किती रुंद असावें, त्यांत किती फरक चालेल, हें सगळें तेथें लिहिलेलें असतें. आणि एक आंकडा चुकला कीं दुपारपर्यंत शंभर नग भंगारांत जातात. म्हणून आरेखनाचें साधन कोणतें घ्यावें हा प्रश्न लहान कारखानदाराला पोटापाण्याचा वाटतो. आज हें काम संगणकावर होतें, आणि त्यासाठीं लागणारें सॉफ्टवेअर फुकटापासून वर्षाला लाखाहून अधिक रुपये मागणाऱ्यापर्यंत सर्व दरांत मिळतें. त्यांतलें स्वस्त कोणतें आणि शिकावयास सोपें कोणतें, असा कारखानदाराचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्तहि आहे. परंतु स्वस्त आणि सोपें या दोन शब्दांचा अर्थ गेल्या साठ वर्षांत तीन-चार वेळां पालटला आहे. आणि दर वेळीं किंमत उतरली तेव्हां दुसरें कांहीं तरी चढलें आहे. तें दुसरें काय, हें या साधनाच्या इतिहासांतच शोधावें लागतें.

संगणकापूर्वींचें साधन स्वस्तच होतें. लांकडी फळा, टी-स्क्वेअर, गुण्यांची जोडी, कंपासपेटी, शाईची लेखणी आणि आरपार दिसणारें ट्रेसिंगचें कापड एवढ्यावर आरेखनालय उभें राही. १८४२ सालीं जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानें लोहाचे क्षार व सूर्यप्रकाश यांच्या साह्यानें निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा उठविण्याची युक्ति काढली होती. त्या शतकाच्या उत्तरार्धांत तीच आरेखनाच्या नकला काढण्याच्या कामीं आली, आणि ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द कारखान्यांतून थेट मंत्र्यांच्या भाषणांत जाऊन बसला. पुढें अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या नकला आल्या. ज्या श्रोत्यांनीं जुन्या कारखान्याचें आरेखनालय पाहिलें असेल त्यांस तो उग्र वास अजून आठवत असेल.

हें साधन कोणासहि परवडे. महाग होतें तें शिक्षण. वस्तु समोरून, वरून आणि बाजूनें कशी दिसेल हें तीन वेगळ्या आकृत्यांत मांडावयाचें, आणि त्या तीन आकृत्यांवरून पुन्हां सबंध वस्तु मनांत उभी करावयाची, ही विद्या महिन्या-दोन महिन्यांत येत नाहीं. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून यांत्रिक आरेखकाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा ठेवलेला आहे तो उगीच नव्हे. शिवाय एक माप बदललें कीं रेघ पात्यानें खरवडून काढावयाची आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या दहा रेघा पुन्हां ओढावयाच्या. मात्र या पद्धतीचा एक गुण फारसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. काढलेलें चित्र कपाटांत राही, तें कारखान्याचें असे, आणि चाळीस वर्षांनंतरहि तें उलगडून वाचण्यास कोणाची परवानगी लागत नसे.

या फळ्याला पहिला धक्का बसला तो १९६३ च्या आरंभीं. अमेरिकेंतील एम्. आय. टी. या संस्थेंत आयव्हन सदरलँड नांवाच्या चोवीस वर्षांच्या तरुणानें डॉक्टरेटसाठीं ‘स्केचपॅड’ या विषयावर प्रबंध सादर केला. लिंकन प्रयोगशाळेंतील टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर तो एका प्रकाश-लेखणीनें रेघा ओढी. रेघा वांकड्यातिकड्या असल्या तरी चिंता नसे. या दोन रेघा समांतर, ही तिला लंब, असें संगणकाला सांगितलें कीं आकृति आपोआप ताळ्यावर येई. एकदां काढलेला भाग अनेक ठिकाणीं बसवावा आणि मूळ भाग बदलतांच ते सारे बदलावे, हीहि सोय त्यांत होती. म्हणजे हा संगणक नुसती रेघ काढीत नव्हता; रेघांमधील नातें लक्षांत ठेवीत होता. आजच्या साऱ्या आरेखन-सॉफ्टवेअरचें बीज त्या एका प्रबंधांत सांपडतें. परंतु ज्या यंत्रावर हें सारें चाले तें सरकारी पैशानें उभारलेलें, आपल्या जातीचें एकुलतें एक होतें.

पुढचीं वीस वर्षें ही विद्या श्रीमंतांच्या घरीं पाणी भरीत राहिली. जनरल मोटर्सनें आयबीएमच्या साह्यानें मोटारींच्या आकारांसाठीं केलेलें ‘डॅक-१’ हें साधन १९६४ त जगापुढें आलें. फ्रान्समध्यें विमानें बांधणाऱ्या दासो कंपनीनें १९७७ मध्यें आपल्या कामापुरतें एक त्रिमितीय सॉफ्टवेअर रचण्यास आरंभ केला. तेंच पुढें ‘कॅटिया’ या नांवानें आयबीएमच्या मार्फत विकलें जाऊं लागलें. १९६९ त निघालेली कॉम्प्युटरव्हिजन ही कंपनी यंत्र, पडदा आणि प्रोग्राम असा सारा संसारच एकत्र विकी, आणि अशा साधनाच्या एकेका बैठकीला लाख डॉलरांच्या घरांत खर्च येई. दारीं हत्ती झुलविण्याची ऐपत असलेल्यांचा तो सौदा होता. पांच-पंचवीस कामगारांच्या कारखान्याला आपला फळाच बरा होता.

ही स्थिति मोडली ती आरेखनाच्या धंद्यांतील कोणा बड्या असामीनें नव्हे. ऑगस्ट १९८१ मध्यें आयबीएमनें मेजावर मावणारा संगणक बाजारांत आणला. त्याची मूळ किंमत १५६५ डॉलर होती. पुढील जानेवारींत कॅलिफोर्नियांतील मिल व्हॅली या गांवीं जॉन वॉकर या प्रोग्रामरच्या घरीं त्याचे कांहीं स्नेही व समव्यवसायी जमले, आणि वर्गणी काढावी तसे साठ हजार डॉलरांच्या आंतबाहेर भांडवल गोळा करून त्यांनीं ‘ऑटोडेस्क’ ही कंपनी काढली. आरेखन हा त्यांचा मुख्य बेत नव्हताच. या नव्या लहान संगणकांसाठीं चार-पांच निरनिराळे प्रोग्राम करावे, त्यांतला एखादा तरी खपेल, असा हिशेब होता. आणि कंपनीचें नांव पडलें तें कचेरींतील टिपणें व कागद सांभाळणाऱ्या एका नियोजित प्रोग्रामवरून. तो प्रोग्राम आज कोणाला आठवतहि नाहीं. मायकेल रिडल या गृहस्थानें पूर्वीं लिहिलेल्या ‘इंटरॅक्ट’ नांवाच्या आरेखन-प्रोग्रामला नवें रूप देऊन त्यांनीं तो १९८२ च्या नोव्हेंबरांत लास व्हेगासच्या कॉम्डेक्स प्रदर्शनांत मांडला, आणि गर्दी झाली ती त्याच्या भोंवतीं. हाच ‘ऑटोकॅड’. त्याची किंमत सुमारें एक हजार डॉलर होती.

बड्या यंत्रांशीं तुलना केली तर हें साधन तोकडें होतें. सपाट आकृत्यांपलीकडे त्याची मजल नव्हती, आज्ञा अक्षरें टंकून द्याव्या लागत, आणि गुंतागुंतीचें चित्र पडद्यावर पुन्हां उमटेपर्यंत आरेखकाचा चहा पिऊन होई. सोपें तर तें मुळींच नव्हतें. तरीहि दहा-बारा वर्षांत जगांतील असंख्य लहान आरेखनालयें त्याच्या ताब्यांत गेलीं. याचें श्रेय एकट्या स्वस्ताईला देतां येणार नाहीं. निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर तें चाले; त्यासाठीं खास यंत्र घ्यावें लागत नसे. १९८२ च्या डिसेंबरांतील पहिल्या आवृत्तीबरोबरच कंपनीनें ‘डीएक्सएफ’ नांवाची एक फाईल-पद्धति दिली. तींत चित्रांतील प्रत्येक रेघेचा आरंभ आणि शेवट साध्या अक्षर-आंकड्यांत लिहिलेला असे, आणि तो कसा वाचावा हें कंपनीनेंच प्रसिद्ध केलें होतें. १९८६ मध्यें ऑटोलिस्प ही भाषा जोडली गेली, तेव्हां ज्याला जमेल त्यानें आपल्या धंद्यापुरत्या नव्या आज्ञा स्वतः रचाव्या अशी मोकळीक मिळाली. पत्राकाम, पाइप, इमारती, विजेचीं मंडलें, ज्याच्या त्याच्या सोयीचे जोड-प्रोग्राम इतरांनींच लिहिले. मग पुस्तकें आलीं, शिकवण्या आल्या, आणि नोकरीच्या जाहिरातींत त्या प्रोग्रामचें नांव येऊं लागलें.

सोपेपणाविषयीं या इतिहासांत जो सर्वांत मोठा धडा आहे तो येथें आहे. जो प्रोग्राम स्वभावतः सोपा नव्हता तोच लहान कारखान्याला सर्वांत सोपा पडला, कारण तो शेजारच्याला येत होता. आज्ञा विसरली तर विचारावयास माणूस आहे. आरेखक दुसरीकडे गेला तर त्याच्या जागीं सोमवारीं दुसरा मिळतो. गिऱ्हाइकाकडून आलेली फाईल उघडते. एकट्यादुकट्या कारखानदारानें त्याहून सुबक, सुटसुटीत असें साधन घेतलें आणि तें जाणणारा एकुलता आरेखक सोडून गेला, तर तें सुबक साधन त्याच दिवशीं जगांतील सर्वांत अवघड साधन ठरे.

मोकळेपणाची संवय लावणाऱ्या याच कंपनीनें १९८६ मध्यें अमेरिकेंतील प्रतींना कुलूपहि लावून पाहिलें. संगणकाच्या पाठीमागें एक लहानशी डबी खोंचल्यावांचून प्रोग्राम चालेना. चोरट्या नकला थांबाव्या हा त्यांतील हेतु. पण जांच झाला तो पैसे मोजून घेणाऱ्यांना; त्यांनीं ओरड केली, आणि थोड्याच महिन्यांत तें कुलूप काढावें लागलें. कुलूप त्या वेळीं गेलें. कुलपाची कल्पना मात्र गेली नाहीं.

इकडे सपाट चित्र स्वस्त झालें तोंच तिकडे मोठे कारखाने सपाट चित्राच्या पुढें निघून गेले. सोव्हिएत देशांतून अमेरिकेंत आलेल्या सॅम्युएल गाइझबर्ग या गणित्यानें १९८५ मध्यें कंपनी काढली आणि १९८८ मध्यें ‘प्रो-इंजिनिअर’ बाजारांत आणलें. त्यांत आरेखक रेघा काढीत नसे. घन वस्तुच घडवी. एका पट्टीला काठापासून २० मिलिमीटरवर भोंक आहे असें समजावें. पट्टी लांब केली तर भोंकानें काठाशीं तेंच अंतर राखावें कीं मध्यभागीं सरकावें, हें आरेखकानें आधींच सांगून ठेवावयाचें. मग लांबी बदलतांच भोंक सरकतें, त्यांतला बोल्ट सरकतो, बोल्टवर बसणारें झांकण सरकतें, आणि या सर्वांचीं कागदी चित्रें आपोआप दुरुस्त होतात. सदरलँडनें रेघांना शिकविलेलें नातें येथें घन वस्तूंना लागू झालें. परंतु यासाठीं युनिक्सवर चालणारीं महाग यंत्रें लागत, आणि प्रोग्राम शिकण्यांत आरेखकाचे महिने जात. लहान कारखाना पुन्हां दाराबाहेरच राहिला.

तें दार उघडण्यास सात वर्षें लागलीं. जॉन हर्शटिक या एम्. आय. टी.च्याच पदवीधरानें १९९३ च्या अखेरीस नवी कंपनी काढली. तिच्या भांडवलाची कथा मजेची आहे: पत्त्यांच्या ब्लॅकजॅक या खेळांत गणिताच्या बळावर जुगारगृहांना हरविणारी विद्यार्थ्यांची जी टोळी त्या संस्थेंत प्रसिद्ध होती तींत तो होता, आणि तेथें मिळालेला पैसा त्यानें या धंद्यांत घातला. नोव्हेंबर १९९५ मध्यें ‘सॉलिडवर्क्स’ आलें. किंमत ३९९५ डॉलर. आणि तें साध्या विंडोजवर चालणारें. घन वस्तूंचें गणित त्यांनीं स्वतः रचलें नाहीं, इंग्लंडांतील केंब्रिज येथें तयार झालेलें ‘पॅरासॉलिड’ हें गणित-यंत्र परवान्यानें घेतलें, आणि आपली सारी बुद्धि तें शिकावयास सोपें करण्यांत खर्च केली. विंडोजवर पत्र टंकणाऱ्याला जी बटणें व जे संकेत ओळखीचे असतात तेच येथें ठेवले. हा विचार किती मोलाचा होता हें लगेच दिसलें: १९९७ मध्यें दासोनेंच ती कंपनी तीस कोटी डॉलरांहून अधिक मोल देऊन घेतली.

भारतांत, विशेषतः महाराष्ट्रांत, या इतिहासाला आणखी एक वळण मिळालें, आणि तें फारसें अभिमानास्पद नाहीं. पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर, नाशिक येथील किती तरी लहान कारखाने मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवितात. मोठें गिऱ्हाईक ज्या पद्धतीची फाईल पाठवी तीच लहानाला उघडावी लागे. निवड पुष्कळदां त्याच्या हातीं नव्हतीच. जी किंमत अमेरिकन आरेखकाच्या कांहीं आठवड्यांच्या पगाराएवढी, ती येथील आरेखकाच्या वर्षभराच्या पगाराशीं स्पर्धा करी. तेव्हां पुष्कळांनीं जो मार्ग धरला तो सर्वांना ठाऊक आहे. कोठून तरी आणलेली चोरीची प्रत संगणकावर चढवावयाची आणि कामाला लागावयाचें. १९९४ मध्यें कॉपीराइटच्या कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि मे १९९५ पासून असा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणें हाच स्वतंत्र गुन्हा ठरला. त्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. नफ्यासाठीं किंवा धंद्यासाठीं वापर नसेल तर न्यायालयाला कैद माफ करतां येते, पण कारखान्याला ही पळवाट कशी मिळावी?

या चोरीचा तोटा परदेशी कंपन्यांनाच झाला असें मानण्याची चाल आहे. वस्तुतः खरा तोटा लहान कारखानदाराचाच झाला. महागांतलें महाग साधन फुकट मिळत असल्यामुळें प्रामाणिक, बेताच्या किंमतीचें साधन शोधण्याची कोणाला गरजच वाटली नाहीं. एका सबंध पिढीचा हात त्याच एका साधनावर बसला, आणि पुढें परवाना घेण्याची वेळ आली तेव्हां दुसरें कांहीं शिकण्याची तयारी उरली नव्हती. त्यांतली विसंगति अशी कीं, या जगप्रसिद्ध सॉफ्टवेअरचे कांहीं भाग पुण्यांतच लिहिले जात होते. जिऑमेट्रिक या भारतीय कंपनीनें दासोशीं भागी करून तेथें अभियंत्यांचा मोठा ताफा उभारला होता.

प्रामाणिक स्वस्ताईचा एक मार्ग मात्र याच सुमारास तयार होत होता. ऑटोकॅडचीं चित्रें ज्या ‘डीडब्ल्यूजी’ फाइलींत साठविलीं जात तिची आंतली रचना कंपनीनें उघड केली नव्हती. १९९८ मध्यें इतर सॉफ्टवेअर-कंपन्यांनीं एकत्र येऊन एक संघ काढला आणि ती रचना खटपटीनें उलगडून सर्व सभासदांस उपलब्ध करून दिली. पाठोपाठ ‘इंटेलिकॅड’ नांवाचें, ऑटोकॅडसारखेंच वागणारें सॉफ्टवेअर एका मंडळाच्या सामाईक मालकीचें झालें. बेल्जमचें ब्रिक्सकॅड या मुळापासून निघालें. चीनचें झेडडब्ल्यूकॅड आणि आणखी कित्येक त्याच वाटेनें गेले. आज्ञा त्याच, फाईल तीच, किंमत पुष्कळ कमी. मूळ साधनावर शिकलेला आरेखक यांवर पहिल्या दिवसापासून काम करूं शकतो. लहान कारखान्याच्या खऱ्या हिशेबांत ही स्वस्ताई फार मोठी आहे, कारण शिकण्याचा खर्च जवळजवळ शून्य होतो.

यानंतर किंमतीचें रूपच पालटलें. पूर्वीं प्रोग्राम एकदां विकत घेतला कीं तो कायमचा आपला. नवी आवृत्ति नको असेल तर जुन्यावर दहा वर्षें काढावीं. २०१६ सालीं ऑटोडेस्कनें कायमचा परवाना विकणें बंद केलें आणि वर्षाचें भाडें सुरू केलें. इतरहि अनेक कंपन्या त्या मार्गाला लागल्या. पहिल्या वर्षीं भाडें सोपें वाटतें, कारण एकदम मोठी रक्कम द्यावी लागत नाहीं. परंतु मंदीच्या वर्षीं, काम नाहीं म्हणून भाडें थकलें, तर कारखान्याचीं पंधरा वर्षांचीं चित्रें फार तर डोळ्यांनीं पाहावीं. त्यांत एक भोंक इकडचें तिकडे करतां येत नाहीं. १९८६ चें तें डबीचें कुलूप आतां संगणकाच्या पाठीमागें न राहतां दूरच्या सर्व्हरवर गेलें आहे.

फुकटाचीहि तीच तऱ्हा. याच कंपनीचें ‘फ्यूजन ३६०’ २०१३ मध्यें आलें तेव्हां हौशी लोकांना व नव्या, लहान धंद्यांना तें विनामूल्य होतें, आणि शिकावयास सोपें म्हणून त्याची कीर्ति झाली. २०२० च्या सप्टेंबरांत घरगुती फुकट वापरावर नव्या मर्यादा जाहीर झाल्या: एका वेळीं दहाच चित्रें दुरुस्तीसाठीं खुलीं ठेवतां येतील, आणि इतर साधनांत नेण्याजोग्या ‘स्टेप’ फाईल काढतां येणार नाहींत. यांतली दुसरी अट लोकांनीं गिल्ला केल्यावर मागें घेतली गेली. हर्शटिकनें सॉलिडवर्क्सनंतर काढलेलें ‘ऑनशेप’ २०१५ मध्यें लोकांपुढें आलें. तें संगणकावर चढवावें लागत नाहीं. इंटरनेटवरच चालतें, आणि त्याची एक फुकट योजनाहि आहे. पण त्या योजनेंतील प्रत्येक चित्र जगाला दिसतें. गिऱ्हाइकाचा भाग विश्वासानें घेणाऱ्या कारखान्याला हें कसें परवडावें? २०१९ मध्यें ऑनशेप ४७ कोटी डॉलरांना विकलें गेलें, आणि घेतलें कोणीं, तर गाइझबर्गनें काढलेल्या त्याच कंपनीनें, जिच्या महाग साधनाला हर्शटिकनें १९९५ त आव्हान दिलें होतें.

राहिली ती मुक्त सॉफ्टवेअरची वाट, आणि ती सर्वांत लांबची ठरली. मात्रा डेटाव्हिजन या फ्रेंच कंपनीनें घन वस्तूंचें गणित करणारें आपलें ‘कॅसकेड’ हें यंत्र १९९९ मध्यें जगाला खुलें केलें. त्याचा मूळ मजकूर कोणीहि वाचावा, वापरावा. त्याच्यावर २००२ पासून युर्गेन रीगेल व त्याचे सहकारी ‘फ्रीकॅड’ रचूं लागले. वर्षानुवर्षें त्याला एक खोड जडलेली होती. वस्तूच्या प्रत्येक पृष्ठाला प्रोग्राम मनाशीं एक क्रमांक देई. आरेखकानें आधींच्या पायरीवर एखादा खांचा वाढविला कीं क्रमांक हलत, आणि सहाव्या पृष्ठावरचें भोंक भलत्याच पृष्ठावर जाऊन बसे. सकाळभर केलेलें काम एका दुरुस्तीनें विस्कटलेलें पाहून अनेकांनीं हात जोडले. ही खोड बऱ्याच अंशीं आटोक्यांत आणणारी पहिली पूर्ण आवृत्ति, म्हणजे १.०, नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झाली. बावीस वर्षें! परवान्याला एक पैसा पडत नाहीं, धंद्यासाठीं वापरण्यास आडकाठी नाहीं, आणि फाईल कोणी कुलूपबंद करूं शकत नाहीं. पण शिकण्यास सॉलिडवर्क्सपेक्षां अधिक वेळ लागतो, आणि तें येणारा आरेखक शेजारीं मिळेलच असें नाहीं. सपाट चित्रांपुरतें काम असेल तर ‘लिब्रेकॅड’ हें त्याच मुक्त कुळांतलें लहान साधन पुष्कळदां पुरतें.

तेव्हां ज्याला आज निवड करावयाची आहे त्याच्यापुढें किंमतपत्रकाखेरीज दोन रकाने आणखी असतात: एक, शिकण्यास व शिकलेला माणूस मिळण्यास किती पडेल, आणि दोन, हें साधन सोडावयाचें झालें तर चित्रें बाहेर कशीं येतील. दुसऱ्या रकान्याकडे फार थोडे पाहतात. निरनिराळ्या साधनांत घन वस्तूंची देवघेव व्हावी म्हणून १९९४ पासून ‘स्टेप’ हें आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आणि तें बहुतेक सर्वांस वाचतां येतें. परंतु रूढ वापरांत स्टेपमधून वस्तूचा आकार जातो, तिचें पूर्वचरित्र जात नाहीं. भोंक काठाशीं बांधलेलें होतें कीं मध्याशीं, हें दुसऱ्या साधनाला कळत नाहीं. गांव बदलतांना सामान नेतां यावें पण ओळखीपाळखी मागें राहाव्या, तसें हें होतें. म्हणून ज्या कारखान्याचें काम पत्रा कापून वांकविण्याचें आहे त्याला साधन बदलणें सोपें जातें. प्लॅस्टिकचे साचे करणारा, ज्याच्या एकेका चित्रांत शेंकडों मापें परस्परांत गुंतलेलीं, तो पहिल्या निवडीशीं जवळजवळ लग्नच लावतो. त्यानें थोडें अधिक मोल देऊन, आपल्या गिऱ्हाइकाकडे आणि आपल्या गांवांत जें चालतें तें घेणें शहाणपणाचें. पत्राकामवाल्यानें तसें करण्याचें कारण नाहीं.

विक्रेत्याच्या प्रदर्शनांत दाखविलेल्या मोटारीच्या चाकापेक्षां आपल्याच कारखान्यांतील एखादा कंटाळवाणा, कटकटीचा भाग घ्यावा. मालकानें नव्हे, तर ज्याला रोज तें साधन हातांत धरावयाचें आहे त्या आरेखकानें तो आठवडाभरांत काढून पाहावा. त्याचीं मापें तीन वेळां बदलावीं. आणि तयार फाईल गिऱ्हाइकाकडे व यंत्रावर पाठवून ती तेथें उघडते का तें पाहावें. जवळजवळ सर्व कंपन्या तीस दिवसांची किंवा तत्सम मुदतीची विनामूल्य प्रत देतात, ती याच कामासाठीं वापरावी. शिकण्याचा खर्च या आठवड्यांत जितका उघड होतो तितका कोणत्याहि माहितीपत्रकांत होत नाहीं.

लेसरनें पत्रा कापून देणाऱ्या दुकानांत आज कारखानदार चित्र पाठवितो तेव्हां तेथील माणूस बहुधा कोणतें सॉफ्टवेअर वापरलें हें विचारीत नाहीं. तो डीएक्सएफ फाईल मागतो. ती १९८२ च्या डिसेंबरांतली पद्धति पुढें पुष्कळ वाढली, पण तिचा पाया तोच राहिला: रेघेचा आरंभ, रेघेचा शेवट, साध्या आंकड्यांत. ती काढणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकीं एक, जॉन वॉकर, २०२४ च्या फेब्रुवारींत वारला. त्या पहिल्या वर्षांतील एखादी तशी फाईल कोणाच्या जुन्या फ्लॉपीवर शाबूत राहिली असेल, तर मोफत लिब्रेकॅडमध्यें ती उघडून पाहण्यास कोणाचेंहि भाडें भरावें लागणार नाहीं.